चार नंबरची बाटली

बाटल्यांवर शिवलीला मॅडम कन्नड आकडे घालतात,
मी मराठी.
तीन वेगळा, पाच वेगळा.
चार मात्र दोघींचा जवळजवळ एकच,
वर उघडा, खाली गाठ मारल्यासारखा.

चार नंबर म्हणजे कारखान्यांमागचा नाला.
पाणी कधी मोरपंखी, कधी चहाच्या गाळासारखं,
आणि काठावर कोथिंबीर मात्र झकास.
एक नंबर वरच्या अंगाचा, टेकडीखालचा,
नाला अजून ओढा असतो तिथला.

चिमूटभर चिखल पाण्यात ढवळायचा,
दहात एक, त्यातलं पुन्हा दहात एक,
इतकं पातळ, की मोजता यावं.
मग काचेच्या बशीत पसरून
दोन दिवस झाकण उघडायचं नाही.

एक नंबरच्या बशीत बाजार भरला.
पिवळे, गुलाबी, सुरकुतलेले, एक जांभळा,
आणि खडूसारखे कोरडे ठिपके,
ज्यांच्यामुळे ओल्या मातीला मातीचा वास येतो.
मातीला स्वतःचा असा वास नसतो,
हे कळलं तेव्हा मी दोन दिवस नाराज होतो.
(आमच्याकडं बायकाही ‘होतो’च म्हणतात.)

चारच्या बशीत काहीच उगवणार नाही असं वाटलेलं.
उलट गच्च.
पुन्हा मोजले. मॅडमनीही मोजले.
गर्दी जवळपास तेवढीच,
आडनावं फक्त तीन.

हवेतला नत्र धरून मुळांना देणारे गेले.
पडलं पान कुजवून काळं करणारे गेले.
खडूवाले तर पहिल्याच फेरीत.
राहिले ते, ज्यांच्या अंगात पंप आहे.
तांबं आत आलं की बाहेर,
परत आलं की परत बाहेर,
गळक्या होडीतल्या माणसासारखे, रात्रंदिवस.

आणि पंपाचा नकाशा ते दडवून ठेवत नाहीत.
शेजारी कोण, कुठल्या कुळाचा, न विचारता
भिंतीतून हात घालून देतात,
जशी कधीकाळी अक्का, अडकित्ता, गुंडी
तिकडच्या तोंडातून इकडच्या तोंडात आली
आणि परत मागायला कोणी आलं नाही.

पण त्याच कागदाच्या पाठीमागं
कधी कधी आणखी काही लिहिलेलं असतं.
मॅडमनी बश्यांत औषधाच्या टिकल्या ठेवल्या.
एक नंबरमध्ये प्रत्येक टिकलीभोवती खळं पडलं,
चंद्राला पडतं तसं.
चारमध्ये ते टिकलीला खेटून वाढले.

माझे अप्पा, कल्लाप्पा सांबरेकर, एकतीस वर्षं
मुलाम्याच्या टाकीवर.
नळाच्या तोट्या, स्कूटरचे आरसे,
एकदा तर कुणाच्या देवीचा मुखवटा.
हातमोजे खुंटीला, कारण घामानं पकड सुटते.
बोटांना पडलेल्या भोकांना ते क्रोमची फुलं म्हणायचे.
संध्याकाळी टाकी धुतली की पाणी मोरीत,
मोरीतून गटारात,
गटारातून चार नंबरात.

त्यांच्या पायाची जखम शिमग्यापासून भरत नाही.
डॉक्टरांनी तिसऱ्यांदा औषध बदललं.
ह्या दोन गोष्टी मी एकमेकींना जोडत नाही.
नमुना एक आहे. मॅडम म्हणतात, तीस तरी हवेत.
जोडत नाही,
पण पट्टी बदलताना हात दोनदा धुतो.

रविवारी त्यांना चारच्या बशीचा फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर सारून
त्यांनी मोबाईल उजेडाकडं तिरका धरला,
तोटी धरायचे तसा,
कुठं डाग, कुठं फोड, बघत.
बराच वेळ.

‘सगळे एकसारखे आलेत की ग,’ म्हणाले,
आणि आवाजात, खोटं कशाला सांगू,
कौतुक होतं.
टाकीतून असा माल निघायला
त्यांना अर्धा जन्म लागला होता.